वाण्याची वकिली

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन गोष्टींची पूजा होते. एक पैशाची आणि दुसरी केरसुणीची. नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचे आणि ‘घरात पैसा राहू दे’ म्हणून हात जोडायचे. हीच हात जोडणारी माणसे आषाढापासून भाद्रपदापर्यंत रोज सकाळी त्याच घरातला पैसा केरसुणीने सपासप झोडपून बाहेर फेकीत असतात, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. मी म्हणतो तो पैसा टांकसाळीत पाडलेला नव्हे. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, तुळशीवृंदावनाच्या कडेला, जिन्याच्या पायरीवर, स्पर्श होताच घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे करून पडणारा, काळा-तांबूस, असंख्य पायांचा तो जीव. कोणी त्याला पैसा म्हणतात, कोणी वाणी म्हणतात. शास्त्रीय मराठी लिहिणारे सहस्रपाद म्हणतात आणि इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडे मिलिपीड म्हणतात. नावे चार असली तरी शिक्षा एकच. ती बहुधा चपलेने अमलात येते.

संपादकांनी ‘सणाला शोभेलसे काहीतरी द्या’ म्हणून सांगितले होते. वाचकांच्या ताटात या क्षणी चकली असेल तर तिच्याकडे जरा निरखून पाहावे. तेच वेटोळे, तेच कंगोरे, बाहेरच्या टोकाचा तोच किंचित उचललेला शेंडा. (सुगरणींनी रागावू नये. उपमा चकलीच्या गौरवासाठी नसली, तरी वाण्याच्या गौरवासाठी खास आहे.) फरक इतकाच की आपला सोऱ्या कालपरवाचा आणि वाण्याचे घराणे फार जुने. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर स्टोनहेवनजवळ माईक न्यूमन नावाच्या एका हौशी बसचालकाला खडकात एक तुकडा सापडला. २००४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन छापून आले, तेव्हा कळले की हा वाण्याच्या कुळातला प्राणी, वय चाळीस कोटी वर्षांहून अधिक, आणि अंगावर हवा आत घेण्याची छिद्रे स्पष्ट दिसतात. जमिनीवर येऊन हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचे जे अगदी आरंभीचे पुरावे आपल्या हाती आहेत, त्यांतला हा एक. पुढे इंग्लंडात नॉर्थम्बर्लंडच्या किनाऱ्यावर २०१८ साली कोसळलेल्या एका दगडात याच गोतातल्या आर्थ्रोप्लूरा नावाच्या प्राण्याचा अवशेष निघाला. काळ सुमारे साडेबत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लांबीचा अंदाज साडेआठ फूट! डायनोसॉर तेव्हा जन्मायचे होते. आमच्या निसर्गकवींचे सगळे भांडवल ज्याच्यावर उभे, ते फूलसुद्धा अजून पृथ्वीवर उमललेले नव्हते. पण कवितेत जागा फुलाला, फुलपाखराला, मोराला. वाण्याला जागा चपलेखाली.

आता आरोपपत्र वाचू.

पहिला आरोप असा की तो चावतो आणि कानात शिरतो. हा गुन्हा ज्याच्या नावावर लावायचा तो प्राणी निराळा. गोम आणि घोण ही मंडळी चपटी, चपळ आणि मांसाहारी असतात. त्यांच्या अंगाच्या प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी, आणि डोक्यामागच्या पहिल्या जोडीच्या विषारी नख्या झालेल्या. वाणी अंगाने गोल, चालीने संथ. त्याला नांगी नाही, विषाची नखी नाही, आणि त्याचे जबडे कुजलेले पान कुरतडण्यापुरते. बोलण्यात आपण ‘इथेच तर खरी गोम आहे’ असे म्हणत नाही त्या गोष्टीत गोम शोधीत बसतो, आणि डोळ्यांसमोर भिंतीवर चाललेला प्राणी गोम आहे की नाही एवढे पाहण्याची तसदी घेत नाही. दोघांत ओळख पटवण्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पळतो तो दुसरा. वेटोळे करून ‘मी नाही हो’ म्हणतो तो हा.

पायांविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण मुले विचारतात आणि वडीलधारे ‘हजार’ सांगून मोकळे होतात. वाण्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. त्याच्या वर्गाचे ‘डिप्लोपोडा’ हे नाव त्यावरूनच पडले. मानेच्या वलयाला पाय नाहीत, पुढच्या तिघांना एकेक जोडी, मग दोन-दोन, आणि शेपटीकडची टोके पुन्हा बिनपायांची. साठ-एक वलयांचा मोठा वाणी घेतला तर हिशेब सव्वादोनशेच्या आसपास येतो. हजारांची बढाई सगळ्या जगभर चालली होती. साडेसातशे पायांच्या एका कॅलिफोर्नियन जातीवर गाडी अडली होती. अखेर २०२० साली पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजे शोधण्यासाठी पाडलेल्या एका विंधनविहिरीतून, साठ मीटर खोलीवरून, साडेनऊ सेंटिमीटर लांबीचा एक दोऱ्यासारखा, आंधळा जीव वर आला. त्याचे पाय मोजले तेव्हा १,३०६ भरले. पुरुषसूक्तात विराट पुरुषाला जे विशेषण लावले आहे ते प्राणिसृष्टीत अक्षरशः सार्थ झाले ते असे, आणि इतक्या उशिरा. आपल्या अंगणातल्या वाण्याचे पाय कमी असले तरी चालणे पाहण्यासारखे असते. मागच्या पायाने उचल घेतली की ती लाटेसारखी अंगभर सरकत जाते, भाताच्या उभ्या शेतावरून वारा जावा तशी. एका पायाची दुसऱ्या पायाशी टक्कर नाही. सार्वजनिक कार्यात आपल्याला हे अजून साधायचे आहे.

दुसरा आरोप दुर्गंधीचा. हा मात्र खरा आहे, आणि वकील असलो तरी तो नाकारणार नाही. वाण्याच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांची रांग असते. छेडले की त्यांतून पिवळसर द्रव झरतो. मोठ्या गोल वाण्यांत त्यात बेंझोक्विनोन जातीची द्रव्ये असतात. वास टिंक्चर आयोडीनच्या वळणाचा आणि डाग तपकिरी, चार-सहा दिवस न जाणारा. चपट्या अंगाच्या एका वेगळ्या गटात तर सायनाइड तयार होते. डोळ्यांत गेले तर इजा होईल, म्हणून मुलांनी वाण्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळे चोळू नयेत. बस्स, एवढेच. पण शस्त्र बाळगणे आणि शस्त्र चालवत सुटणे यांत न्यायाने फरक केला पाहिजे. वाणी आधी गुंडाळतो, तरी सोडले नाही तर मग द्रव सोडतो. आणि आपण काठीने डिवचून, मीठ टाकून, रॉकेल ओतून वर म्हणतो, किती घाणेरडा वास हा! व्हेनेझुएलातल्या कपुचिन माकडांना या वासाचा उपयोग कळला आहे. पावसाळ्यात डास फार झाले की ती एक मोठा वाणी पकडतात, अंगभर चोळतात आणि एकमेकांकडे देतात. २००० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या द्रवातली द्रव्ये डासांना दूर ठेवतात असे तपासणीत आढळले. माकडाने वाण्याला औषध मानले, माणसाने त्याच्यासाठी विष विकत आणले.

तिसरा आरोप, आणि गृहिणींच्या तोंडी सर्वांत जास्त येणारा, म्हणजे तो घाणीत जन्मतो. घाण म्हणजे काय, हे एकदा ठरवले पाहिजे. झाडाखाली पडलेले पान ही घाण असेल तर सह्याद्री ही सगळ्यांत मोठी उकिरड्याची रांग म्हटली पाहिजे. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांची वर्षभराची पाने खाली पडतात. ती तशीच साचत राहिली असती तर आतापर्यंत झाडांचे बुंधे पानांत बुडाले असते. ती जातात कुठे? पहिला पाऊस त्यांना मऊ करतो, बुरशी त्यांच्यावर चढते, आणि मग वाण्याच्या पंगती बसतात. ताजे, कोरडे पान त्याला फारसे रुचत नाही. बुरशीने मुरलेले आवडते, आपल्याला जसे मुरलेले लोणचे. खाल्लेल्यापैकी बराच मोठा भाग तो पचवीत नाही, बारीक गोळ्यांच्या रूपाने टाकतो. त्या गोळ्यांवर जिवाणू आणि बुरशी जोमाने वाढतात, आणि वाणी परत येऊन त्याच गोळ्या पुन्हा खातो. किळस वाटली? गाय रवंथ करते तेव्हा आपण कौतुक करतो. वाणी रवंथ पोटाबाहेर करतो, एवढाच भेद. वर्षभरात जे पान सडले असते ते त्याच्या दातांखाली भुगा होते, मातीत मिसळते, आणि त्यातले द्रव्य पुन्हा झाडाच्या मुळाला लागते. सह्याद्रीत गोळीसारखे घट्ट गोल होणारे आर्थ्रोस्फेरा नावाचे मोठे वाणी आहेत. मंगळूर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना बागायतीतला पालापाचोळा खायला घालून खत करून पाहिले, आणि ते उत्तम झाले.

या कामाला लागणारा वेळही मोठा आहे. अंड्यातून निघालेल्या पिलाला बहुधा सहाच पाय असतात. मग दर वेळी कात टाकताना दोन-चार वलये वाढतात आणि त्यांबरोबर पाय. कात टाकण्यासाठी तो मातीत एक कोठडी करून आत बसतो. तेव्हा अंग मऊ, पाय निकामी, मुंगीसुद्धा त्याला मारू शकेल. बाहेर पडण्यापूर्वी टाकलेली कात तो बहुधा स्वतःच खातो, कारण त्याच्या कवचात चुना असतो आणि तो फुकट घालवणे त्याला परवडत नाही. (या बाबतीत तो वाणी नावाला जागतो.) उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत नार्सियस नावाचा मोठा वाणी आहे. त्याची मादी चघळलेल्या पाल्याची छोटी डबी करून तिच्यात एकच अंडे ठेवते, मग दुसरी डबी, दुसरे अंडे. मोठ्या जातींचे वाणी कित्येक वर्षे जगतात. चपलेचा एक फटका त्या साऱ्या वर्षांवर पडतो.

‘पण घरात का येतात?’ हा प्रश्न रास्त आहे. वाण्याच्या अंगावरची श्वासाची छिद्रे घट्ट मिटत नाहीत. कडक उन्हात अंगातले पाणी त्यांतून उडून जाते, म्हणून उन्हाळाभर तो खोल ओलाव्यात पडून राहतो. मोठा पाऊस झाला आणि मातीत पाणी भरले की तिथे गुदमरतो, म्हणून वर येतो. आणि वर आल्यावर समोर जे उंच असेल त्यावर चढतो. पूर्वी तिथे झाडाचा बुंधा असे, आता इमारतीची भिंत आहे. ती तिथे त्याने बांधलेली नाही.

आमच्या गृहरचना संस्थेत गेल्या श्रावणात या विषयावर तातडीची सभा झाली. तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडात देवघराशेजारी तीन वाणी निघाले होते. चाळीस मिनिटांत ठराव मंजूर: फवारणीवाल्याला बोलवावे. तो आला, तोंडाला फडके बांधून त्याने आवार भिजवले. मुलांना दोन दिवस खाली खेळायला बंदी. वाणी मेले, गांडुळे मेली, आणि सदाफुलीपाशी येणारी फुलपाखरे चार आठवडे दिसली नाहीत. सभेत कोणी विचारले नाही की तीन वाण्यांना सुपलीत घेऊन कुंपणापलीकडे सोडायला किती वेळ लागला असता.

याच्या शेजारी जपानचे उदाहरण ठेवा. तिथल्या डोंगराळ भागात कोउमी नावाची रेल्वे आहे. त्या मार्गावर १९२० पासून अधूनमधून असे घडत आले की शरद ऋतूत रुळांवर वाण्यांचे थवेच्या थवे येत, चाके घसरत आणि गाडी उभी राही. देवघरातले तीन नव्हेत. गाडी थांबवणारे लाखो. तिथल्या नीजिमा केइको या बाई आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ पासून २०१६ पर्यंत डोंगरात जाऊन माती खणून वाणी मोजले. निष्कर्ष २०२१ साली छापला: हा वाणी बरोबर आठ वर्षांनी वयात येतो, आणि म्हणून दर आठ वर्षांनी एका ठिकाणी पूर येतो. गाडी थांबली म्हणून माणसांनी चव्वेचाळीस वर्षे माती चाळली. आपल्याकडे २०१६ साली भारतातल्या वाण्यांची जी यादी प्रसिद्ध झाली तिच्यात सुमारे पावणेतीनशे जाती आहेत, आणि ती यादी केली मॉस्कोच्या गोलोवाच यांनी आणि बॉनच्या वेसनर यांनी. त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण आपल्या अंगणातला प्राणी आपल्याला ओळखून देण्यासाठी रशियातून आणि जर्मनीतून माणूस यावा लागतो, आणि तो मारण्यासाठी मात्र गल्लीत तीन दुकाने आहेत, ही अवस्था मला भूषणावह वाटत नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. ती टाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. विदर्भ-मराठवाड्यात पेरणीनंतर उगवणारे सोयाबीनचे आणि कपाशीचे कोंब वाणी कुरतडतात, आणि दुबार पेरणीची पाळी आलेल्या माणसापुढे चाळीस कोटी वर्षांच्या घराण्याची कथा सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. त्याने आपले पीक वाचवलेच पाहिजे. पण शेतीविषयक सल्ल्यांत या किडीवर एक जुना उपाय सांगतात, त्याकडे लक्ष द्यावे: संध्याकाळी शेतात वाळल्या गवताचे ढीग ठेवा, रात्री वाणी त्यांच्याखाली जमतील, सकाळी गोळा करा. म्हणजे मेलेले गवत आणि ओलावा समोर आला की तो तिकडे वळतो. बांध साफ, धुरे साफ, काडीकचरा पेटवून रान साफ, आणि मग अशा तुळतुळीत जमिनीत ओले काय उरले? फक्त कोंब. भुकेल्या माणसासमोर एकच ताट ठेवायचे आणि तो जेवला की चोर म्हणायचे, असा हा न्याय आहे.

आणि इथे मी ज्याच्यासाठी लेखणी उचलली त्या मुद्द्याकडे येतो. वाणी चपलेने संपत नाही. चपला थोड्या, वाणी पुष्कळ. तो संपतो आगीने. माघ-फाल्गुनात पानगळ झाली की शहरातल्या प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक संस्थेच्या आवारात, झाडून काढलेल्या पानांचे ढीग पेटतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. धूर त्या कागदाच्या अंगावरून खुशाल जातो. डोंगरांत तर याहून वाईट. पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने, किंवा नुसत्या गंमतीने, कडेच्या कडे वणव्यात जातात. वाणी तेव्हा जमिनीत खाली निजलेला असतो, तो स्वतः कदाचित वाचेल. मृगाचा पाऊस पडल्यावर तो वर येतो आणि पाहतो तो त्याचे वर्षाचे कोठार जळून राख झालेले. ती राखही पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्यात जाते.

‘मग कोकणातला शेतकरी राब भाजतो त्याचे काय?’ असे एक चतुर गृहस्थ मला म्हणाले. राबाचा वाद काही आजचा नाही. १८८५ साली मुंबई सरकारने ठाणे-कुलाब्याच्या जंगलविषयक तक्रारींसाठी आयोग नेमला, त्यात राब हा भांडणाचा मोठा विषय होता, आणि पाने-डहाळ्या जाळतो म्हणून कष्टकऱ्यावर ठपका ठेवणाऱ्या साहेबांची तेव्हाही कमी नव्हती. राब भाजणारा भाताच्या रोपांसाठी चार वाफे भाजतो. त्याचे त्याला पोटाचे कारण असते. संस्थेच्या आवारात वडा-पिंपळाची पाने पेटवणाऱ्याला कारण काय? तर फरशी स्वच्छ दिसावी. दोघांना एका तागडीत घालू नका.

गांडुळाचे दैव थोर. १८८१ साली डार्विनने, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याच्यावर अख्खे पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून शाळेतले प्रत्येक पोर ‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र’ असे घोकते. त्या मित्राचे ताट वाढणारा, जाड पान फोडून त्याच्या तोंडी लागेल असे करणारा वाणी मात्र क्रमिक पुस्तकात ‘उपद्रवी’ या सदरात. कोणी शिक्षक हा अंक वाचीत असतील तर त्यांनी पुढच्या आषाढात मुलांना एक वाणी, चार कुजकी पाने आणि ओली माती असे काचेच्या बरणीत घालून आठवडाभर दाखवावे, झाकणाला भोके पाडून. आणि नंतर तो जिथला तिथे नेऊन सोडावा. पानाच्या शिरा तेवढ्या उरतात आणि तळाशी काळ्या गोळ्या साचतात, हे पाहिलेले मूल वाण्यावर पाय देताना थबकेल असा माझा अंदाज आहे. चिरडण्याची हौस उरलीच, तर नरक चतुर्दशीला कारीट आहेच.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर वाणी खाली उतरू लागलेला असेल. कार्तिकातल्या थंड, कोरड्या हवेत त्याचे वर काही काम नाही. पण फाल्गुनात झाडूवाला पानांचा ढीग करील आणि खिशातली काडेपेटी चाचपील, तेव्हा त्याला शिव्या देऊ नका. त्याला ढीग नाहीसा करायला आपणच सांगितलेले असते. आवाराच्या मागच्या बाजूला, सावलीत, दोन हात लांब, दोन हात रुंद, गुडघाभर खोल असा एक खड्डा आधीच खणून ठेवा. पाने त्यात टाका, आठवड्यातून एकदा भांडी विसळलेले बिनसाबणाचे पाणी ओता, आणि खड्डा खणण्याची मजुरी त्या झाडूवाल्याला वेगळी द्या.